ग्रीसला जाण्याआधी बेट शंखोद्धार

आमची थोरली लेक गेल्या वर्षी नोकरीला लागली. पहिल्या बोनसमधून आईबाबांना परदेश दाखवायचा, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. मे महिन्यातल्या एका रविवारी शेव-उसळीच्या बशा बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला आणि आम्हाला ग्रीसची बेटे दाखवली. निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि खाली समुद्र. विमान, हॉटेल, व्हिसा, युरोचा भाव, सगळे तिने कोष्टकात मांडले होते. आठ दिवसांची सहल.

त्या यादीत एका ठिकाणापाशी मी थांबलो. डेलोस. मिकोनोस बेटावरून होडीने तिथे जायचे, दिवसभर अवशेष पाहायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे, कारण तिथे पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. हे बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे. ग्रीक लोक त्याला अपोलो देवाचे जन्मस्थान मानत. अथेन्सच्या लोकांनी इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये बेट ‘पवित्र’ करायचे म्हणून तिथली सगळी थडगी उकरून शेजारच्या बेटावर हलवली आणि यापुढे इथे कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा नियम केला. पुढे चार वर्षांनी तिथल्या रहिवाशांनाच बाहेर काढले. नंतर रोमन काळात ते मोठे व्यापारी बंदर झाले आणि इसवी सनापूर्वी ६९ मध्ये चाच्यांनी ते लुटले.

मी म्हणालो, “अगं, देवाचे बेट, व्यापार, चाचे आणि दूरच्या शहरातून चालणारे राज्य. हे सगळे आपल्याकडे आहे की. आणि ते दूरचे शहर म्हणजे आपले बडोदे!”

लेकीला वाटले, बाबा एलटीसीचे पैसे वाचवायला बघताहेत. तेही अगदीच खोटे नव्हते. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर खात्याचा नाहरकत दाखला लागतो, तो मिळेपर्यंत विमानाचे भाडे दुप्पट होते. पण मी बोललो ते मनापासून. आपल्या मंडळातल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे, की कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेले बेट द्वारका, ज्याला जुन्या कागदात बेट शंखोद्धार म्हणतात, ते सव्वाशेहून अधिक वर्षे गायकवाडांच्या राज्यात होते? द्वारकेची यात्रा आपण सगळेच करतो. बेटावर जाऊन तांदूळ वाहून येतो. पण आपले आणि त्या बेटाचे नाते काय, हे कोणी सांगत नाही. ते नाते नुसते भक्तीचे नाही. म्हणून हा लेख.

आधी ग्रीक माणसाचीच साक्ष काढतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून तांबड्या समुद्रामार्गे हिंदुस्थानात येणाऱ्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत खलाशांसाठी एक माहितीपुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘पेरिप्लस’. लेखकाचे नाव पुस्तकात नाही, पण माणूस अनुभवी असावा. भडोच बंदराबद्दल, म्हणजे त्याच्या ‘बारिगाझा’बद्दल, तो भरभरून लिहितो. नर्मदेच्या मुखातून गलबते आत आणणे किती अवघड आहे आणि राजाच्या पदरचे स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे येतात व वाट दाखवतात, हे तो सांगतो. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी आपल्या काळातही भडोचच्या बाजारात चालतात, अशी नोंदही त्याने केली आहे. भडोच आपल्या पाणीगेटापासून गाडीने दीड-दोन तासांवर. तेव्हा ग्रीस आपल्याला वाटतो तितका परका कधीच नव्हता.

हाच खलाशी भडोचला पोचण्याआधीच्या एका आखाताबद्दल धोक्याची सूचना देतो. त्याला तो ‘बाराके’ म्हणतो आणि त्यात सात बेटे आहेत असे सांगतो. आत ओढले गेलेले गलबत वाचत नाही, तळाशी धारदार खडक आहेत, त्यांनी नांगराचे दोर कापले जातात, पाण्यात भोवरे आहेत. जवळ आल्याची खूण कोणती, तर पाण्यात मोठे काळे साप दिसू लागतात. हे वर्णन कच्छच्या आखाताचे आहे, असे अभ्यासक मानतात. ‘बाराके’ म्हणजे द्वारका, असेही काहींचे मत आहे. ओखामंडळाच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, की प्रवाळाचे आणि खडकाचे ते दात आजही दिसतात.

बेटाची वस्ती मात्र त्या ग्रीक पुस्तकाहूनही जुनी आहे. १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली सागरी पुरातत्त्व शोधकांनी इथे शोध घेतला, तेव्हा उत्तर हडप्पा काळातली भांडी मिळाली. शंखाची एक छोटी मुद्राही मिळाली, तिच्यावर तीन तोंडांचा प्राणी कोरलेला आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे माणसे राहत होती आणि शंख कापत होती. त्याच दशकात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने ओखामंडळातल्याच नागेश्वर येथे उत्खनन केले. तिथे हडप्पा काळातला शंखकामाचा कारखानाच उघडकीस आला. शंखाच्या बांगड्या, शंखाच्या पळ्या, अर्धवट कापलेले तुकडे. आज आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी नागेश्वरला जातो, तिथल्याच परिसरात चार हजार वर्षांपूर्वी कारागीर मांडी घालून शंख तासत होते. ‘शंखोद्धार’ या नावामागे शंखासुराच्या वधाची कथा सांगतात. पण नावातला शंख नुसत्या कथेतला नाही, तो तिथल्या समुद्रातला आहे.

आता चाच्यांकडे येऊ. ओखामंडळाची जमीन खडकाळ, पाऊस कमी, शेतीत राम नाही. समोरून मात्र सिंध, अरबस्तान आणि भडोच-सुरतेची गलबते मालाने भरून जात. तिथल्या वाढेल राजांनी आणि वाघेर लोकांनी समुद्रालाच शेत मानले. १४७३ मध्ये महमूद बेगडा द्वारकेवर आणि बेटावर चालून गेला, त्याचे कारण समरकंदच्या एका मौलानाची या लोकांनी समुद्रावर केलेली लूट, असे फारसी इतिहास सांगतात. बेटाचा राजा भीम पकडला गेला आणि त्याला अहमदाबादेत मारले गेले. हा तोच बेगडा, ज्याने १४८४ मध्ये चांपानेर घेतले. पावागडाला जाताना आपण त्याचीच मशिदी-कोट पाहतो.

सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी तीच तक्रार मुंबईच्या इंग्रजांनी केली. १८०४ मध्ये मुंबईचे एक गलबत लुटले गेले. १८०७ मध्ये कर्नल वॉकर गायकवाडी फौजेबरोबर काठेवाडात होता, तेव्हा ओख्याच्या ठाकोरांकडून पुन्हा चाचेगिरी न करण्याचे करार लिहून घेतले. ते टिकले नाहीत. १८१६ मध्ये कर्नल ईस्टची फौज आली आणि तिने ओखामंडळ व बेट ताब्यात घेतले. १८१७ च्या तहाने इंग्रजांनी हा सगळा मुलूख गायकवाडांना दिला. द्वारका आणि बेट ही हिंदूंची मोठी क्षेत्रे आहेत, ती हिंदू राजाकडे असावीत, असाही एक विचार त्यात होता. आणि अशा रीतीने साडेपाचशे किलोमीटरवरच्या बडोद्याच्या दफ्तरात ‘ओखामंडळ महाल’ आणि ‘बेट शंखोद्धार’ हे शब्द आले.

दफ्तर आले की कारकून आले. आपण बडोदेकर मराठी मंडळी मुळात तेच. १७३४ नंतर गायकवाडांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, वैद्य, भिक्षुक म्हणून आपले पूर्वज इथे आले आणि बडोद्याचेच झाले. माझे पणजोबा काही वर्षे ओखामंडळात महसूल कारकून होते. आजी त्यांची सून. ती सांगायची, की बेटाकडे बदली झाली की घरात सुतक असल्यासारखे वातावरण होई. गोड पाणी नाही, भाजी नाही, खारा वारा, आणि पावसाळ्यात होडी बंद पडली की टपालही नाही. पणजींनी एकदा त्यांच्याबरोबर मसाल्याचे डबे आणि तुळशीचे रोप पाठवले होते. मसाला टिकला, तुळस आठ दिवसांत खाऱ्या वाऱ्याने जळाली. आमच्या घरात ‘बेटावरची तुळस’ ही म्हणच झाली होती. जे रोप जिथे लावायचे नाही तिथे लावले, की आजी तेवढेच म्हणायची.

लहानपणी मला ती गंमत वाटे. तिच्यातला दुसरा अर्थ मला शाळेत कळला.

आठवीत असताना आमच्या गुजराती शाळेत सरांनी एका मोकळ्या तासाला मुळू माणेकची गोष्ट सांगितली. झवेरचंद मेघाणींनी ‘सोरठी बहारवटिया’मध्ये जोधो माणेक आणि मुळू माणेक या वाघेर वीरांच्या कथा लिहिल्या आहेत. सर रंगवून सांगत होते आणि वर्ग श्वास रोखून ऐकत होता. मीही ऐकत होतो. मुळू माणेक कोणाशी लढला? गायकवाड सरकारशी आणि गोऱ्यांशी. शेजारी बसलेल्या मित्राने वळून माझ्याकडे पाहिले आणि हसत म्हणाला, “तमे तो गायकवाडना माणस!” त्याच्या मनात काही नव्हते, त्या दिवशीही आम्ही डबा वाटूनच खाल्ला. पण माझ्या मनात ते वाक्य राहिले. घरी भिंतीवर सयाजीराव महाराजांची तसबीर. आम्ही त्यांना देवासारखे मानतो. आणि इथे वर्गातला वीर आमच्याच सरकारशी लढतोय.

संध्याकाळी आजीला विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आपण पगार गायकवाडांचा खाल्ला, ते खोटं कसं म्हणायचं? आणि वाघेरांनाही त्यांचा पगार वेळेवर मिळाला असता, तर ते कशाला उठले असते?” आजी शिकलेली नव्हती. पण तिच्या सासऱ्यांनी दफ्तरात जे वाचले, ते तिच्यापर्यंत एवढेच पोचले होते.

पुढे मी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा आजीचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते असे दिसले. मुलूख गायकवाडांकडे आल्यावर वाघेरांचा गिरास, म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क, आणि त्यांना ठरवून दिलेल्या नेमणुका यांवरून बडोद्याच्या कामगारांशी सतत खटके उडत राहिले. १८२० मध्ये पहिला मोठा उठाव झाला, तेव्हा कर्नल स्टॅनहोपच्या फौजेने द्वारका लढून घेतली. १८५७ च्या धामधुमीनंतर जोधो माणेकच्या नेतृत्वाखाली वाघेर पुन्हा उठले आणि त्यांनी द्वारका व बेट दोन्ही घेतले. बडोद्याला ते आवरेना, तेव्हा इंग्रज आले. ऑक्टोबर १८५९ च्या पहिल्या आठवड्यात कर्नल डोनोव्हनच्या फौजेने आणि आरमाराच्या जहाजांनी बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. पायदळाचा हल्ला वाघेरांनी परतवून लावला, त्यात इंग्रजांची बरीच माणसे पडली. पण त्या रात्री वाघेर किल्ला सोडून निघून गेले. इंग्रजांनी किल्ला सुरुंगाने उडवला. मंदिरांचीही हानी झाली. त्याच महिन्यात द्वारकाही पडली. मुळू माणेक त्यानंतरही नऊ वर्षे डोंगर आणि रानातून लढत राहिला आणि १८६८ मध्ये मारला गेला.

तेव्हा बडोद्याच्या गादीवर खंडेराव महाराज होते. मुलूख परत त्यांच्याकडे आला. द्वारकेच्या जगत मंदिराच्या शिखराचे काम त्यांच्याच काळात, १८६१ मध्ये झाले. वाघेरांतूनच माणसे भरती करून ओखा बटालियन उभी केली गेली. तिचा खर्च बडोद्याने द्यायचा, अधिकारी इंग्रज. कालचे बंडखोर आज पहारेकरी. हा तोडगा शहाणपणाचा होता. पण हाच शहाणपणा तीस-चाळीस वर्षे आधी सुचला असता, तर तोफा लागल्या नसत्या.

आता दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. सयाजीराव महाराज गादीवर आले आणि त्यांनी ओखामंडळाकडे निराळ्या नजरेने पाहिले. त्यांच्या आधी तो मुलूख म्हणजे डोकेदुखी होती, त्यांनी त्यात समुद्र पाहिला. १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला त्यांनी ओखामंडळाच्या किनाऱ्याची पाहणी करायला लावली. मोत्यांचे शिंपले, शंख, मासे, प्रवाळ यांचा त्याचा अहवाल बडोदे सरकारने छापला. आजही समुद्रजीवांचे अभ्यासक तो उघडतात. १९२६ मध्ये ओखा बंदर खुले झाले. ज्या किनाऱ्यावरून गलबते लुटली जात, तिथे आता आगबोटी माल उतरवू लागल्या. कपिलराम वकील यांनी इथे मिठाचा कारखाना उभारला आणि त्याच्याच पायावर १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली. आपल्या घरात येणारी टाटा मिठाची पुडी मूळची आपल्याच बडोदे राज्यातली, हे जाता जाता मुलांना जरूर सांगा.

आणि शिक्षण. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केले. साऱ्या राज्याला म्हणजे ओखामंडळालाही. याची साक्ष मला गेल्या डिसेंबरात मिळाली.

त्या वेळी मी आणि सौभाग्यवती दोघेच द्वारकेला गेलो होतो. लहानपणी, मी बारा वर्षांचा असताना, आजीबरोबर ओख्याहून होडीने बेटावर गेलो होतो. तेव्हा होडी इतकी भरली होती की आजीने पूर्ण वेळ माझा शर्ट मुठीत धरून ठेवला होता. आता २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू खुला झाला आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, त्यामुळे पुलावर पोचताच बायकोला सोडून खांब बघत बसलो. लांबी सुमारे २.३२ किलोमीटर, चार पदरी, तारांनी तोललेला भाग ९०० मीटर, त्यातला मधला गाळा ५०० मीटर. पादचारी मार्गाच्या कडेने गीतेतले श्लोक आणि कृष्णाची चित्रे आहेत, वरच्या छतावर सौर पॅनेल. अशा खाऱ्या वाऱ्यात पोलाद सांभाळणे काय असते, ते आमच्या खात्यातल्या माणसालाच कळेल. काम पाहून अभिमान वाटला.

परत येताना मी मुद्दाम ओख्याच्या धक्क्यावर गेलो. पूर्वीची गर्दी नव्हती. बऱ्याच होड्या बांधून ठेवलेल्या. एका होडीवर एक वयस्कर खलाशी जाळे शिवत बसला होता. “क्यांथी आव्या?” त्याने विचारले. मी म्हणालो, “वडोदराथी.” तो मान न वळवता म्हणाला, “एटले गायकवाड सरकारथी.” मी जरा सावरून बसलो. आठवीतला तो तास आठवला. पण त्याने पुढे जे सांगितले ते वेगळेच. म्हणाला, “मारा दादा कहेता, गायकवाडनी निशाळमां मार खाधो, एटले अमने वांचतां आव्युं.” आजोबांनी गायकवाडांच्या शाळेत मार खाल्ला म्हणून घराला वाचता येऊ लागले. आणि मग हसून पुढे म्हणाला, “हवे पुलवाळाए मार्या, एमां शुं शीखीशुं ए जोईए.” आता पुलाने मारले आहे, त्यातून काय शिकतो ते बघू.

मी पुलाचे कौतुक करण्याच्या बेतात होतो, ते तोंडातच राहिले. पूल चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. आजारी माणसाला रात्री होडीची वाट बघावी लागत नाही, हे फार मोठे सुख आहे. बेटावरच्या लोकांनाच ते विचारा. पण सरकारी माणसाने, मग ते सरकार गायकवाडांचे असो वा आजचे, नकाशावर रेघ ओढताना धक्क्यावर जाळे शिवणारा माणूसही नकाशात धरला पाहिजे. माझे पणजोबा याच किनाऱ्यावर कारकून होते. त्यांच्या वहीत वाघेरांच्या नेमणुकांचा रकाना असेल. तो रकाना वेळेवर भरला जात होता का, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या हातातले रकाने मात्र मला भरता येतात.

तर लेकीला मी एवढे सगळे सांगितले. ती ऐकून म्हणाली, “बाबा, ग्रीस कॅन्सल नाही. पण आधी बेट. दिवाळीनंतर जाऊ.” मग तिने नवे कोष्टक केले. मंडळातल्या आणखी दोन-तीन कुटुंबांनी यायची इच्छा दाखवली आहे, म्हणून ते इथे देतो.

जायचा काळ कार्तिकानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात ओखामंडळाची खडकाळ जमीन भाजून काढते. मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल बडोद्यावरून अपरात्री जाते, त्या वेळी उठायची तयारी ठेवावी. मुक्काम द्वारकेत. पहिला दिवस जगत मंदिर, गोमती घाट आणि गावाबाहेरचे रुक्मिणी मंदिर. शिखराकडे बघताना बावन्न गजी ध्वजाबरोबर खंडेराव महाराजांचीही आठवण करावी.

दुसरा दिवस पूर्ण बेटासाठी. सकाळी लवकर निघावे, कारण मंदिर दुपारी बंद असते. जाताना नागेश्वर आणि गोपी तलाव. बेटावर द्वारकाधीशाला तांदूळ वाहावेत. सुदामा कृष्णाला इथेच भेटला, अशी श्रद्धा आहे. हे मंदिर उंच शिखराचे नाही, वाड्यासारखे आहे. आपल्या जुन्या बडोद्यातले वाडे आठवतात. तिथून पुढे हनुमान दांडी, जिथे मारुती आणि त्याचा पुत्र मकरध्वज एकत्र आहेत. गुरुद्वाराही पाहावा. शीख परंपरेनुसार गुरू गोविंदसिंगांच्या पंचप्याऱ्यांपैकी भाई मोहकम सिंग इथले. बेटावर दर्गेही आहेत आणि मोठी मुसलमान वस्ती आहे, बरीचशी समुद्रावर जगणारी. देवाचे बेट आणि माणसांचे बेट एकच आहे. डेलोसला अथेन्सवाल्यांनी माणसे काढून देव ठेवला. आज तिथे दिवस मावळला की अवशेष आणि राखणदार उरतात. आपले बेट जिवंत आहे, म्हणून ते मला डेलोसपेक्षा मोठे वाटते.

तिसरा दिवस ओख्याचे बंदर, मिठापूर, चरकल्याच्या मिठागरांवरचे पक्षी आणि संध्याकाळी शिवराजपूरचा किनारा. समुद्रस्नानाची हौस तिथे भागवावी. ओहोटीची वेळ विचारून गेलात, तर ग्रीक खलाशी ज्यांना घाबरला ते खडकही दिसतील. साप दिसतीलच असे नाही.

बरोबर काय घ्यावे? पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी, आपला लीला चिवडा आणि मेघाणींचे ‘सोरठी बहारवटिया’. रेल्वेत मुलांना त्यातली मुळू माणेकची गोष्ट वाचून दाखवा. गुजराती वाचता येत नसलेली आपल्यातली मुले हल्ली थोडी, पण आहेत, त्यांना मराठीत सांगा. गोष्ट ऐकून कोणी विचारले, “म्हणजे आपण वाईट होतो का?” तर घाबरू नका. मुळू माणेकही आपल्या इतिहासात आहे आणि सयाजीराव महाराजही आहेत, दोघांना एकाच वेळी मान देता येतो, असे सांगा. तीनशे वर्षे या मातीत राहून आपण एवढे तरी शिकलो असलो पाहिजे.

१ मे १९४९ ला बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. ओखामंडळ अमरेली जिल्ह्यातून पुढे जामनगरात गेले आणि २०१३ पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे. बडोद्याच्या दफ्तरातला बेटाचा रकाना केव्हाच बंद झाला. तिथे आता आपला अधिकार कसलाही नाही, कारकुनाचासुद्धा नाही. म्हणूनच आता आपण तिथे खऱ्या अर्थाने पाहुणे म्हणून जाऊ शकतो.

ओख्याच्या त्या खलाशाला मी येण्याचे कबूल केले आहे. पुलावरून जाऊ, पण एक फेरी त्याच्या होडीनेही करू. लेकीने कोष्टकात होडीचे भाडे वेगळ्या रकान्यात मांडले आहे. या वेळी तो रकाना वेळेवर भरायचा.

ज्यांना बरोबर यायचे असेल, त्यांनी विसर्जनानंतर पाणीगेटला आमच्या घरी चहाला यावे. बाप्पाला निरोप देताना आपण पाण्यापर्यंत जातोच, यंदा थोडे पुढे जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!